प्रोस्टेट कॅन्सरचं महिन्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन प्लास्टिकचं असतं म्हणे. मग ते प्लास्टिक शरीरात साचत नाही का?

नाही साचत. ल्युप्रोलाइड या औषधाच्या डेपो इंजेक्शनबद्दल, म्हणजे शरीरात साठा करून हळूहळू औषध सोडणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारताय असं धरतो. त्यात पीएलजीए नावाच्या पॉलिमरचे (तेच तुमचं ‘प्लास्टिक’), केसाच्या जाडीपेक्षाही बारीक गोळे असतात आणि औषध त्यात अडकवलेलं असतं. म्हणून तर नर्स पावडर ऐनवेळी द्रवात मिसळून लगेच टोचते. ठेवून दिलं तर गोळे तळाशी बसतात.

पीएलजीए म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची साखळी. शरीरातलं पाणीच ती हळूहळू तोडतं, तसतसं औषध झिरपतं. उरलेल्या आम्लांचा शरीर निचरा करतं, बरीचशी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातात. खरी गंमत प्रमाणात आहे: दोन्ही निम्मी-निम्मी घेतली तर पॉलिमर लवकर विरघळतो, लॅक्टिकचा वाटा वाढवला की पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि तो जास्त टिकतो.

हे काही नवं खूळ नाही. अमेरिकेत या डेपोला १९८९ मध्ये मान्यता मिळाली, आणि ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे व्हिक्रिलचे टाकेही याच घराण्यातले. अशाच बारीक गोळ्यांत गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमध्ये उठून दिसणारा धातू, भरून औषध कुठे पोचलं ते एमआरआयमध्ये बघायचं, हे काम मात्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.