एक्सपॅट, एनआरआय की कायमचे परदेशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात ऐरोलीहून स्टुटगार्टला चाललात. कंपनीची एचआर तुम्हाला ‘एक्सपॅट’ (परदेशात नोकरीला जाणारा) म्हणते, बँकेने ‘आता तुम्ही एनआरआय, खातं बदला’ असं सांगितलंय, आणि सासरे विचारतायत की जावई कायमचे चालले की काय. यातलं नक्की काय धरायचं?

सगळंच. प्रत्येक कचेरी आपल्या कामापुरतं नाव देते, त्यामुळे एकाच वेळी चार नावं लागणार. मी मूळचा नौपाड्यातला, आता बरीच वर्षं जर्मनीत. जिथे पैसे अडकतात तिथून सुरू करतो.

एनआरआय या शब्दाचे आपलेच दोन कायदे दोन अर्थ लावतात. फेमाच्या (परकीय चलन व्यवहारांचा कायदा) लेखी नोकरीसाठी देश सोडलात की तेव्हापासून तुम्ही अनिवासी. साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे इथल्या कमाईसाठीचं अनिवासी खातं, करून घ्यायचं. तिकडचा पगार पाठवायला एनआरई वेगळं उघडायचं; त्यावरचं व्याज इथे करमुक्त, आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. एनआरओच्या व्याजातून मात्र ३० टक्के आणि वर उपकर आधीच कापून जातो.

आयकरवाले दिवस मोजतात. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या आर्थिक वर्षात इथे १८२ दिवस भरले, की तो निवासीच. तुमचे एप्रिलपासूनचे आठ महिने ऐरोलीतच गेलेत. म्हणजे बँकेत अनिवासी आणि रिटर्नमध्ये ३१ मार्चपर्यंत निवासी! तिथल्या पहिल्या तीन-चार महिन्यांचा पगारही इथे दाखवावा लागेल. तिथे भरलेला कर इथल्या करातून वळता होतो, पण त्यासाठी पगाराच्या स्लिपा आणि कर भरल्याचे कागद जपून ठेवा. सप्टेंबरच्या मध्याला विमानात बसला असतात तर हा घोळ टळला असता, पण जॉइनिंग डेट आपल्या हातात कुठे असते.

घणसोलीचा फ्लॅट भाड्याने देणार म्हणालात ना? मग भाडेकरूला आधीच सांगा. मालक आयकराच्या लेखी एनआरआय झाला, की भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करायची जबाबदारी भाडेकरूवर येते. एजंट हे क्वचितच सांगतात, आणि लीव्ह अँड लायसन्सच्या नेहमीच्या मसुद्यात याचा उल्लेखही सापडत नाही. माझ्याकडे यायला तयार झालेल्या एका कुटुंबाने हे ऐकून टोकन परत मागितलं होतं. जास्त कापलेला कर रिटर्न भरला की परत मिळतो, पण तोवर हाती येणारं भाडं कमीच. हप्त्याचं गणित त्याप्रमाणे मांडा.

पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू द्या, नवं उघडता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित आहे ती राहते.

आता ‘एक्सपॅट’. या शब्दाने परवाना मिळत नाही की कर ठरत नाही, पण एचआरने तो वापरला की कान टवकारायचे, कारण त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे भारतातली कंपनी तुम्हाला ठरावीक मुदतीसाठी पाठवते. करार इथलाच, पीएफ चालू. त्याला जर्मनीत आयसीटी कार्ड, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना, मिळतं, मॅनेजर आणि तज्ज्ञांना जास्तीत जास्त ३ वर्षं. ईपीएफओकडून (पीएफ कार्यालय) ‘पीएफ इथे चालू आहे’ असं कव्हरेजचं प्रमाणपत्र घेतलं की तिथली पेन्शन वर्गणी कापत नाहीत. दोन देशांतला तसा करार २०१७ पासून लागू आहे. दुसरी म्हणजे जर्मन कंपनीशी थेट करार आणि ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा युरोपीय कामाचा परवाना. मग पगाराच्या १८.६ टक्के पेन्शन वर्गणी, अर्धी तुमची, अर्धी कंपनीची. आणि २७ महिन्यांनी, जर्मन भाषा बी१ (मध्यम) पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर या कार्डात आहे.

जाता जाता: माझा मावसभाऊ वर्षानुवर्षं मस्कतला होता. कळव्यात त्याला कुणी एक्सपॅट म्हटलं नाही, ‘गल्फला असतो’ एवढंच. त्याच्याच बिल्डिंगमध्ये काम करणारा बिहारचा सुतार मात्र सगळ्यांच्या तोंडी ‘परप्रांतीय’. आपण लॅपटॉप घेऊन निघालो की एक्सपॅट! पगार बघून नाव ठेवायची ही रीत तिकडेही आहे. त्या नावाच्या घोळक्यातच राहिलात तर पाच वर्षांनीही ब्रेड मागायला इंग्रजी लागेल.

जर्मन लोक तुम्हाला ‘औसलेंडर’, म्हणजे परदेशी, म्हणतील. मनाला लावून घेऊ नका, जर्मन पासपोर्ट नसलेला फ्रेंच माणूसही कायद्याने तोच. परवाना देणाऱ्या कचेरीच्या नावातच तो शब्द आहे. पुढे ५ वर्षांनी नागरिकत्व घ्यावंसं वाटलं तर जर्मनी २०२४ पासून मूळ नागरिकत्व सोडायला लावत नाही. आपला कायदा लावतो. मग उरतं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड: आयुष्यभर व्हिसाशिवाय येणं-जाणं, पण मतदान नाही. एनआरआय असेपर्यंत मत शाबूत असतं, फॉर्म ६ए भरायचा, फक्त मतदानाला स्वतः यावं लागतं.

तर आधी ऑफर लेटर उघडा. पगार कुठली कंपनी देणार आणि ब्लू कार्ड की आयसीटी, एवढं बघून कळवा. पीएफ काढायचा की ठेवायचा ते मग बोलू.