वाचक विचारतात : मुलुखमैदान तोफ

प्रश्न : जोरदार वक्त्याला 'मुलुखमैदान तोफ' म्हणतात. ही तोफ खरोखर होती का?

उत्तर : होती म्हणजे काय, आजही आहे! विजापूरच्या शेरझा बुरुजावर. मी शाळेच्या सहलींबरोबर तीनदा गेलो, आणि तिन्ही वेळा पोरांना तिच्यावरून खाली उतरवण्यातच माझा घसा बसला. मूळ नाव 'मलिक-ए-मैदान', म्हणजे रणांगणाचा धनी. आपल्या लोकांनी मलिकचा मुलुख केला आणि वर तिला बाईही करून टाकलं.

आम्हा नगरकरांचा अभिमान असा, की ती विजापूरची नव्हेच. 1549 मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाऱ्याने ती निजामशाहीसाठी आमच्या नगरला ओतली. वजन सुमारे 55 टन, लांबी 14 फुटांहून थोडी जास्त. तोंडाशी जबडा वासलेला सिंह, आणि त्याच्या दाढेत चिरडला जाणारा हत्ती. तो हत्ती बघायला विसरू नका. बरेच जण नुसतीच तोफ बघून परततात. नगरहून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली, तिथून 1632 मध्ये विजापूरला. 55 टनांचं धूड त्या काळच्या रस्त्यांवरून ओढताना बैलांचे काय हाल झाले असतील!

इंग्रजांनी 1854 मध्ये ती लिलावात काढली. बोली आली दीडशे रुपये. ही रक्कम साहेबालाच फार कमी वाटली, म्हणून विक्री रद्द झाली आणि तोफ वाचली.