वाचक विचारतात : दुधाचा कट्टा, व्हेचा डबा आणि जिममधील इंजेक्शन

प्रश्न : आम्ही काही मित्र रात्री जिम आटोपल्यावर कोल्हापूरच्या गंगावेशीतील दूध कट्ट्यावर जमतो. कुस्तीच्या मैदानापासून पेठांच्या फुटबॉलपर्यंत गप्पा रंगतात आणि शेवटी गाडी व्हे प्रोटीनवर येऊन अडते. निम्म्यांचे म्हणणे असे की डोळ्यांसमोर पिळलेले म्हशीचे दूध मिळत असताना पावडरीला पैसे कशाला घालायचे. उरलेल्यांच्या मते दुधाने पोट सुटते. खरे कोणाचे? — शिवाजी पेठेतील वाचक

उत्तर : व्हे हा दुधाचाच भाग आहे. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन आणि 20 टक्के व्हे असते. चीज तयार होताना जे पाणी निथळते, त्यातील प्रथिने गाळून आणि वाळवून ही पावडर बनते. फरक पडतो तो प्रथिनांसोबत पोटात आणखी काय जाते यामुळे. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून साधारण 18 ते 20 ग्रॅम प्रथिने मिळतात, पण त्याबरोबर 30 ग्रॅमहून अधिक स्निग्धांशही येतो. चांगल्या व्हेच्या एका स्कूपमध्ये 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात आणि स्निग्धांश अगदी थोडा. तालमीत पहाटेपासून जोर-बैठका मारून लाल मातीत घाम गाळणाऱ्या मल्लाला दूध, तूप आणि बदामाची थंडाई पचते, कारण त्याचे शरीर ते सगळे जाळते. दिवसभर दुकानात किंवा कार्यालयात बसून संध्याकाळी तासभर वजने उचलणाऱ्याने तोच खुराक घेतला, तर पोट सुटणारच.

आता हिशेब पाहा. नियमित वजने उचलणाऱ्या निरोगी माणसाला दर किलो वजनामागे साधारण 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे 70 किलोच्या तरुणाला सुमारे 100 ते 140 ग्रॅम. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, दोन भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ एवढ्यात साठ ग्रॅमच्या आसपास मजल जाते. जेवणात मटण किंवा चिकन असेल तर आणखी पंचवीस-तीस ग्रॅमची भर पडते. तांबड्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या तरी प्रथिने वाट्याला येतात ती फोडींमधून, हे मात्र लक्षात असू द्या. शाकाहारी माणसाने सोयाबीनच्या वड्यांकडे पाहावे, कारण 100 ग्रॅम कोरड्या वड्यांत जवळपास 50 ग्रॅम प्रथिने असतात. एवढे करूनही कमी पडले तर एक स्कूप व्हे घेण्यात काहीच गैर नाही. पुरेशी प्रथिने पोटात जात असताना बीसीएएचा (तीन ठरावीक अमिनो आम्लांच्या पावडरीचा) वेगळा डबा घेणे मात्र मला पैशाची नासाडी वाटते, कारण ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तिन्ही अमिनो आम्ले दूध, अंडी आणि व्हे यांत असतातच.

कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाबद्दल एक गोष्ट बोलणे मला भाग आहे, ती कोल्हापूरकरांना रुचणार नाही याची कल्पना असूनही. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांपासून होणारा तापाचा आजार) आणि क्षयरोगाचे जंतू माणसात येऊ शकतात. जनावर समोर उभे आहे आणि धार ताजी आहे, यावरून ते जनावर निरोगी आहे असे ठरत नाही. दूध तेच घ्या, पण उकळून प्या.

व्हेचा डबा घेताना स्वस्ताईला भुलू नये. प्रयोगशाळेत प्रथिनांचे प्रमाण बहुधा नायट्रोजन मोजून काढतात, आणि ग्लायसीन किंवा टॉरीनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की आकडा फुगतो, स्नायूंना मात्र त्याचा उपयोग होत नाही. एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि आयात मालावर आयातदाराचे नाव व पत्ता पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. पाण्यात विरघळवून किंवा फेस पाहून खऱ्या-खोट्याची परीक्षा करण्याची जी पद्धत सांगितली जाते, तिच्यावरून काहीही कळत नाही.

प्रश्न : मी पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतो. क्रिएटीन घेतल्याने किडनी जाते असे सगळे सांगतात. घ्यावे का? — मंगळवार पेठेतील खेळाडू

उत्तर : क्रिएटीन म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा मिळण्यास मदत करणारी पूरक पावडर. निरोगी प्रौढ माणसाने रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटीन मोनोहायड्रेट (तिचा नेहमीचा प्रकार) घेतल्याने मूत्रपिंड बिघडते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही, आणि खेळातील बंदी असलेल्या पदार्थांतही ते येत नाही. गैरसमजाचे मूळ असे की मूत्रपिंडाचे काम ज्यावरून तपासतात ते रक्तातील क्रिएटिनीन क्रिएटीन घेणाऱ्यात थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी. आधीच मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र ते घेऊ नये. पुन्हा पुन्हा वेगाने धावण्यात क्रिएटीनची मदत होते, पण स्नायूंत पाणी साठून वजन किलो-दीड किलोने वाढू शकते. ते आपल्या पायांना मानवते का, हे हंगामाच्या आधीच्या सरावात पाहावे.

प्रश्न : तीन महिन्यांत नटांचे शरीर दगडात कोरल्यासारखे कसे होते? — राजारामपुरीतील वाचक

उत्तर : पडद्यावर दिसते ती एका दिवसाची, कित्येकदा काही तासांचीच अवस्था असते. चित्रीकरणापूर्वी पाणी आणि मीठ कमी केले जाते, कॅमेऱ्यासमोर येण्याआधी दंड मारून स्नायूंत रक्त भरले जाते, आणि प्रकाश बाजूने पाडून प्रत्येक रेघ उठावदार केली जाते. स्पर्धेतील शरीरसौष्ठवपटूही मंचासाठी असाच दिवस गाठतात, फरक एवढाच की त्यामागे अनेक वर्षांची मेहनत असते. आपल्या कोल्हापूरच्या सुहास खामकर यांनी 2010 मध्ये मिस्टर एशियाचा किताब मिळवला तो अशाच मेहनतीतून. पाणी तोडण्याची नक्कल घरी करू नका. लघवी वाढवणारी औषधे घेऊन शरीर सुकवण्याच्या नादात मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू 1992 मध्ये स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच दगावला.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा वर्षभर जिमला जातो. त्याच्या कपाटात पाण्यासारख्या औषधाची रिकामी बाटली आणि सुया सापडल्या. तो रात्र रात्र जागा असतो, चिडतो, आपल्यामागे कोणीतरी लागले आहे असे म्हणतो. मी काय करू? — कसबा बावड्यातील एक आई

उत्तर : ताई, बाटली फेकू नका. तिच्यावरील नाव वाचा आणि ती डॉक्टरांना दाखवा, कारण पुढचे सगळे त्या नावावर अवलंबून आहे.

आपण सांगितलेली लक्षणे मेफेनटरमीन या औषधाशी जुळतात. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी शस्त्रक्रियागृहात हे इंजेक्शन वापरतात. ते टोचल्यावर थकवा जाणवत नाही, म्हणून काही मुले व्यायामापूर्वी ते घेतात, आणि पाहता पाहता त्याची सवय लागते. त्याने स्नायू तयार होत नाहीत. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, झोप उडते आणि मन संशयी होते. बाटलीवर टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन किंवा स्टॅनोझोलोल असे नाव असेल तर ती स्टिरॉइड आहेत. त्यांनी हृदयाला आणि कोलेस्टेरॉलला धोका पोहोचतो, शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनणे मंदावते, आणि काहींमुळे वाढत्या वयातील हाडांची टोके लवकर जुळून उंची कायमची खुंटू शकते. कित्येकदा दोन्ही एकत्र घेतली जातात.

त्याला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. छातीत धडधड, चक्कर किंवा भास होत असतील तर आजच न्या. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात औषधवैद्यक आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. ईसीजी, रक्तदाब, यकृत आणि रक्तातील चरबीच्या तपासण्या कराव्या लागतील. सुई मित्रांनी वाटून घेतली असण्याची शक्यता धरून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. स्टिरॉइड घेत असेल तर ते कसे थांबवायचे हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण अचानक बंद केल्यावर काही मुलांना खोल नैराश्य येते आणि त्या दिवसांत त्याला एकटे ठेवता कामा नये.

त्याच्याशी बोलताना आरडाओरडा करू नका. "तू हे का घेतलेस" असे विचारण्यापेक्षा "हे तुला कोणी दिले आणि कशासाठी दिले" असे विचारलेत तर उत्तर मिळण्याची शक्यता अधिक आहे, कारण या वयातील मुलाला असली बाटली बहुधा एखादा मोठा माणूसच आणून देतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना अशी औषधे विकणे हा गुन्हा आहे. नाव कळताच अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा आणि त्या जिमचे सदस्यत्व त्याच दिवशी बंद करा. व्यायाम मात्र त्याच्यापासून कायमचा तोडू नका. हृदयाच्या तपासण्या ठीक आल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला की ओळखीच्या तालमीतील एखाद्या जाणत्या वस्तादांकडे त्याला घेऊन जा आणि पहिले काही दिवस आपणही सोबत जा.