टावर फुल्ल, तरी फोन लागेना : बँडविषयी वाचकांचे प्रश्न

फोनच्या कोपऱ्यात ‘4जी’ किंवा ‘5जी’ एवढंच दिसतं. त्यामागे कोणता बँड, म्हणजे रेडिओ लहरींचा कोणता पट्टा आहे ते दिसत नाही, आणि यावेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर नेमकं तिथंच आहे. आपल्याकडे मोबाइल कंपन्या 700, 850, 900, 1800, 2100, 2300, 2500 आणि 3500 मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे वापरतात. आकडा लहान तशी लहर लांब : 900 ची साधारण 33 सेंटिमीटर, 3500 ची नऊसुद्धा नाही. लांब लहर दूरवर जाते, भिंतीतून शिरते; पण खालचे पट्टे अरुंद, त्यात डेटा कमी मावतो. वरचे पट्टे रुंद असतात, मात्र अंतर आणि भिंत त्यांना सोसत नाही.

प्रश्न : आमचं घर जुनं, माळवदाचं आहे. ओसरीत टावर फुल्ल, माजघरात गेलं की नेट बंद. सिम बदलावं का? (कळंब, जि. धाराशिव)

सिम बदलण्याआधी घराकडे बघा. माझ्या आत्याचं घर असंच, पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंतींचं. दिवाळीत तिथं मी फोनवर नेटमॉन्स्टर नावाचं, बँड आणि सिग्नल दाखवणारं ॲप उघडून ओसरीतून आत चालत गेलो. ओसरीत फोन बँड 40 वर, म्हणजे 2300 मेगाहर्ट्झवर होता आणि सिग्नल होता उणे 85 डीबीएम (हे सिग्नलच्या जोराचं माप; उणे आकडा मोठा तसा सिग्नल कमजोर). माजघराचा उंबरा ओलांडला तसा तो उणे 118 वर घसरला. यातला प्रत्येक 10 चा फरक म्हणजे दहापट घट. म्हणजे एका भिंतीनं सिग्नल हजारपटीहून जास्त खाल्ला. दोन-तीन सेकंदांनी फोननं तो बँड सोडला आणि बँड 5, म्हणजे 850 धरला. सिग्नल उणे 101 वर आला. कॉल नीट लागला, व्हिडिओ मात्र फिरतच राहिला. फोन बिघडला नव्हता. त्यानं वेग सोडून बोलणं टिकवलं, आणि तेच बरोबर होतं.

पावसाळ्यात भिंत ओलावते तेव्हा हे आणखी वाढतं, कारण पाणी लहर शोषतं. पत्र्याच्या खोलीत वेगळंच : पत्रा धातूचा, तो लहर आत सोडतच नाही. जे येतं ते दार-खिडकीतून.

घरात फायबरचं कनेक्शन असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा; कंपनी आणि फोन दोन्हींची सोय लागते, पण कॉल मग भिंतीवर अवलंबून राहत नाही. फायबर नसेल तर एक जुना फोन ओसरीच्या कोनाड्यात हॉटस्पॉट लावून ठेवा. त्या कोनाड्यातून माजघरापर्यंत वाय-फाय पोचतं का, हे मात्र जागेवर बघावं लागेल. सिम बदलायचंच असेल तर आधी शेजाऱ्याचं सिम माजघरात नेऊन बघा.

प्रश्न : ऑनलाइन तीन-चार हजारांत सिग्नल वाढवणारा बूस्टर मिळतो. बसवू का? (परतूर, जि. जालना)

नाही. परवान्याशिवाय असं यंत्र लावणं बेकायदा आहे. शिवाय हे स्वस्त बूस्टर टॉवरकडे जाणाऱ्या लहरींत गोंगाट भरतात. तुमच्या घरात फोनवरच्या सिग्नलच्या दांड्या वाढतात आणि गल्लीतल्या दहा घरांचे कॉल तुटतात. रेंजची तक्रार कंपनीकडे लेखी करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा.

प्रश्न : गावात बीएसएनएलचं 4जी सुरू झालं. शेजाऱ्याच्या फोनवर येतं, माझ्यावर येईना. माझाही फोन 4जीच आहे, 2017 चा. (किनवट, जि. नांदेड)

बीएसएनएलचं 4जी मुख्यतः 700 (बँड 28) आणि 2100 (बँड 1) या पट्ट्यांवर चालतं. डोंगर-जंगलाच्या भागात 700 हाच कामाचा, दूर पोचतो तो तोच. पण तुमच्या फोनच्या काळातल्या बऱ्याच स्वस्त फोनांत 3, 5, 40 असे बँड होते, 28 नव्हता. फोनला तो पट्टा ऐकूच येत नसेल तर टॉवर डोळ्यांसमोर उभा असूनही उपयोग नाही. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर ‘एलटीई बँड’ची यादी असते, तीत 28 शोधा. असेल तर सिम तपासा. जुनं 2जी-3जीचं सिम असेल तर बदलून घ्या. यादीत 28 च नसेल तर सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी तो पट्टा येणार नाही. नवा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी बँडची यादी विचारा, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो.

प्रश्न : फोनवर 5जी दिसतं, पण संध्याकाळी ऑनलाइन टेस्टचं पान उघडत नाही. 5जी खोटं का? (लातूर, विद्यार्थिनी)

खोटं नाही. पण 5जी हे तंत्राचं नाव आहे, वेग ठरतो पट्ट्याच्या रुंदीवर. उदाहरणार्थ, जिओनं 2022 च्या पट्ट्यांच्या लिलावात 3500 च्या आसपास 100 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेतला आणि 700 मध्ये जाण्या-येण्याला प्रत्येकी 10. फोनवर दोन्हीकडे ‘5जी’च दिसतं. खोलीच्या आत फोन 700 वर गेला तर पाइप अरुंद, आणि क्लासचा भाग असेल तर संध्याकाळी त्याच पाइपवर सगळी होस्टेलं. दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत. टेस्टच्या वेळी ‘पसंतीचं नेटवर्क’ 4जी करून बघा, आणि खिडकीजवळ बसून पुन्हा 5जी. त्या तासाला जे चालेल ते ठेवा.

प्रश्न : विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरमध्ये जिओचं सिम टाकलं. मोटार चालू होईना. स्टार्टर खराब का? (गेवराई, जि. बीड)

रात्री थ्री-फेज येते तेव्हा अंधारात विहिरीवर जावं लागू नये, घरूनच फोन करून मोटार चालू करता यावी म्हणून तो स्टार्टरचा डबा बसवलेला असतो, त्यामुळे तुमची अडचण मला लहान वाटत नाही. स्टार्टर बहुधा चांगला आहे. जुन्या डब्यांतलं मोडेम, म्हणजे नेटवर्कला जोडणारा भाग, फक्त 2जीचं, 900 आणि 1800 वर चालणारं असतं. जिओकडे 2जी नाहीच, 4जी आणि 5जी आहे. त्यामुळे सिम नेटवर्कला जोडलंच जात नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांपैकी विहिरीवर ज्याचं 2जी येतं त्याचं सिम टाका. साध्या फोनमध्ये ते घालून विहिरीवरच कॉल लावून बघा, मग डब्यात बसवा.

नवा 4जी स्टार्टर घेणार असाल तर विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. बँड कोणते? आणि तो व्होल्टीई कॉल, म्हणजे 4जीवरूनच येणारा कॉल, घेतो का? काही डबे 4जी फक्त डेटासाठी वापरतात. कॉल करून मोटार चालू करायची असेल तर ते जिओवर गप्पच राहतील.

अँटेनाही बघा. पॅनेल लोखंडी असतं आणि बरेच जण अँटेना आतच गुंडाळून ठेवतात, म्हणजे पत्र्याच्या खोलीत फोन ठेवल्यासारखंच. तार भोकातून बाहेर काढा, अँटेना पेटीच्या डोक्यावर उभी करा. उसाचं रान असेल तर ती उसाच्या वर निघेल अशा बांबूला बांधा.