पांढरा गोरिला आणि अल्बिनिझम असलेला माणूस: दोघांत बिघडलेलं तेच असतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयातल्या पांढऱ्या गोरिलाचा फोटो पाहिला, त्याला झालेला अल्बिनिझम माणसाला होतो तोच का, तो कशामुळे होतो आणि रंग सोडला तर त्याने नेमकं बिघडतं काय?

होय, तोच. अल्बिनिझम म्हणजे त्वचा, केस आणि डोळ्यांना रंग देणारं मेलॅनिन हे द्रव्य जन्मतःच न बनणं किंवा कमी बनणं. आणि नुसतं दिसण्यापुरतं नाही, अगदी जनुकापर्यंत तोच. रंगाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मात्र थोडं लांबेल, कारण अल्बिनिझममध्ये सगळ्यात कमी त्रासाची गोष्ट म्हणजे रंग. खरा परिणाम डोळ्यावर होतो, आणि तो जन्माआधीच झालेला असतो.

आधी गोरिला. त्याचं नाव कोपितो दे निएवे, म्हणजे हिमकण. १ ऑक्टोबर १९६६ रोजी तो आजच्या इक्वेटोरियल गिनीच्या जंगलात पिल्लू असताना पकडला गेला आणि २४ नोव्हेंबर २००३ रोजी बार्सिलोनात त्वचेच्या कर्करोगाने गेला. त्याचं गोठवून ठेवलेलं रक्त वापरून त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एसएलसी४५ए२ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच चूक होती: प्रथिनात ५१८व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन. हेच जनुक माणसात बिघडलं तर त्याला ओसीए४ म्हणतात (ओसीए म्हणजे डोळे आणि त्वचा दोन्हींत होणारा अल्बिनिझम, पुढचा आकडा त्याचा प्रकार); जपानमध्ये हा प्रकार बराच आढळतो.

दोन्ही प्रतींत नेमकी एकच चूक कशी आली? त्याच्या जनुकसंचाचा सुमारे १२ टक्के भाग दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा निघाला. काका-पुतणी किंवा मामा-भाची अशा जोडीच्या अपत्यात हा आकडा १२.५ टक्के अपेक्षित असतो, सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या अपत्यात ६.२५. म्हणजे त्याचे आईवडील बहुधा इतक्या जवळच्या नात्यातले होते आणि एकाच पूर्वजाकडून आलेली चूक दोघांनीही त्याला दिली. पुढे त्याला २२ पिल्लं झाली, एकही पांढरं नाही. त्या प्रत्येकात बापाची बिघडलेली एक प्रत होतीच, पण आईची चांगली प्रत काम भागवत होती.

माणसातही बहुतेक प्रकार असेच अप्रभावी असतात, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसतात. एकच प्रत बिघडलेली असेल तर ती व्यक्ती वाहक. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला अल्बिनिझम असण्याची शक्यता २५ टक्के. "प्रत्येक" या शब्दावर जोर द्या. पहिल्या मुलाला झाला म्हणजे पुढची तीन मुलं सुटली, असं नसतं. अशा मुलाचं नेहमीच्या रंगाचं भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. वाहकात बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून "आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं" हे म्हणणं खरं असूनही त्यावरून काही सिद्ध होत नाही. जगभरात साधारण १७ ते २० हजारांत एकाला अल्बिनिझम असतो, तरी वाहक सुमारे सत्तरात एक असतो. टांझानियात हेच प्रमाण सुमारे १,४०० माणसांत एक इतकं आहे. आणखी एक गोष्ट ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं: आई आणि वडील दोघांनाही अल्बिनिझम असेल, पण वेगवेगळ्या जनुकांमुळे, तर मुलं नेहमीच्या रंगाची होतात, कारण प्रत्येक जनुकाची एक चांगली प्रत कुणा एकाकडून मिळतेच.

आता रंग कसा जातो ते. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी या त्वचेत असतात, आणि नेहमीइतक्याच असतात. कोडाशी हा मोठा फरक आहे: कोडात या पेशीच नष्ट होतात, अल्बिनिझममध्ये पेशी शाबूत असून रंग बनत नाही. टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनतं आणि पहिल्या पायऱ्या टायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, पार पाडतं. ते विकरच बिघडलं तर ओसीए१. ओसीए२ आणि ओसीए४ मध्ये विकर चांगलं असतं, पण पेशीतल्या ज्या सूक्ष्म पिशव्यांत रंग बनतो त्या प्रमाणाबाहेर आम्लधर्मी राहतात आणि त्या आम्लतेत विकर नीट चालत नाही. म्हणून या प्रकारांत थोडाफार रंग उतरतो. केस पिवळसर, सोनेरी असतात आणि वयानुसार गडदही होतात. ओसीए१ च्या एका दुर्मीळ प्रकारात विकर फक्त थंड जागी काम करतं: डोक्याचे आणि काखेतले केस पांढरे, हातापायांवरचे गडद. सयामी मांजराचे कान आणि पंजे काळे होतात ते याच कारणाने.

त्यामुळे "पांढराशुभ्र नाही, म्हणजे अल्बिनिझम नाही" हा निष्कर्ष काढू नका. उलटही खरं आहे: फिकट केसांचा प्रत्येक कपी (गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान यांच्या गटातला प्राणी) अल्बिनो नसतो. केस पांढरे पण डोळे गडद असतील तर ते प्रकरण वेगळं. निदान डोळ्यावरून होतं. आणि माणसात डोळे लाल नसतात. बहुधा निळे, करडे, कधी तपकिरी असतात. ठरावीक प्रकाशात आतल्या रक्तवाहिन्यांची लाली झळकते, एवढंच.

डोळ्यावर मी जरा जास्त थांबतो. डोळ्याच्या आतला मागचा पडदा म्हणजे दृष्टिपटल; त्याच्या मध्यभागी एक बारीक खळगा असतो. बारीक अक्षर वाचणं, चेहरा ओळखणं हे सगळं तिथून होतं. गर्भात दृष्टिपटलामागच्या थरात मेलॅनिन बनण्याची प्रक्रिया नीट चालली नाही तर हा खळगा पुरता घडत नाही. सस्तन प्राण्यांत असा खळगा माकडं, कपी आणि माणूस यांच्याच गटात असतो. म्हणून प्रयोगशाळेतला पांढरा ससा किंवा उंदीर पाहून माणसाच्या नजरेबद्दल फारसं कळत नाही, गोरिला पाहून कळतं. दुसरा बिघाड मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंचा. एरवी प्रत्येक डोळ्याचे निम्म्याहून थोडे जास्त तंतू विरुद्ध बाजूला जातात, बाकीचे त्याच बाजूला राहतात. अल्बिनिझममध्ये बहुतेक सगळे ओलांडून जातात. दोन डोळ्यांची चित्रं जुळवून खोली, म्हणजे वस्तू किती लांब आहे ते, कळण्याची क्षमता त्यामुळे कमी होते आणि तिरळेपणाही दिसतो. तिसरं म्हणजे प्रकाश. परितारिकेत, म्हणजे डोळ्याच्या रंगीत भागात, रंग नसल्याने ती प्रकाश अडवत नाही. कोपितो त्याच्या मूळ जंगलातल्या इतक्या उजेडातही मिनिटाला सरासरी वीस वेळा डोळे मिटत असे, अशी नोंद आहे.

चष्म्याने नंबर सुधारतो, पण न घडलेला खळगा घडत नाही. नजर बहुधा ६/१८ ते ६/६० च्या दरम्यान राहते, कधी त्याहून कमी. ६/६० म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून दिसणं. तरीही चष्मा लवकर लागायला हवा, कारण लांबचा-जवळचा नंबर आणि तिरका नंबर या मुलांत मोठे असतात आणि ते न सुधारल्यास आहे ती नजरही वापरली जात नाही. तपासणी डोळ्यांत थेंब घालून व्हावी.

बाळाचे डोळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डावी-उजवीकडे हलू लागतात आणि ते नजर देत नाही असं वाटतं. आईवडील इथे फार घाबरतात. बहुतेकदा पुढच्या काही महिन्यांत नजर सुधारते आणि वयानुसार हलणंही कमी होतं. मूल मान तिरकी करून बघत असेल तर मान सरळ करायला लावू नका. त्या कोनात डोळे सर्वांत स्थिर राहतात म्हणून ते तसं बघतं. पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर वाचू द्या, त्याने डोळे बिघडत नाहीत. वर्गात पुढची जागा, खिडकीकडे पाठ, मोठं अक्षर, कड असलेली टोपी आणि फळ्याचा फोटो काढून मोठा करून बघायची मुभा, एवढ्याने खूप फरक पडतो. घरात फार गडद चष्मा नको, आधीच कमी असलेली नजर आणखी कमी होते. तिरळेपणाची शस्त्रक्रिया डोळे सरळ दिसण्यासाठी ठीक, पण खोलीची जाण त्यातून येईल अशी अपेक्षा ठेवू नये. बुद्धी मात्र पूर्णपणे सामान्य असते. मागे पडलेलं मूल बहुधा फळा न दिसल्याने मागे पडलेलं असतं.

त्वचेबाबत चूक होते ती मात्रेत. सनस्क्रीनवर लिहिलेला एसपीएफचा (उन्हापासून संरक्षणाचा) आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावल्यावरचा असतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला सुमारे ३० ते ३५ ग्रॅम. बहुतेक लोक याच्या निम्म्याहून कमी लावतात. एसपीएफ ३० ते ५०, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, दर दोन तासांनी आणि घाम किंवा पाण्यानंतर पुन्हा. कान, मानेची मागची बाजू, ओठ, पावलांचा वरचा भाग हमखास विसरला जातो. घट्ट विणीचं कापड क्रीमपेक्षा भरवशाचं. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर कपडे आणि सावलीच. दर सहा ते बारा महिन्यांनी सगळी त्वचा तपासून घ्यावी. चार आठवड्यांत न भरणारी जखम किंवा खपली दाखवायलाच हवी. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग इथे काळा नसून गुलाबी असू शकतो, म्हणून "काळा डाग बघा" हा नेहमीचा सल्ला इथे पुरत नाही.

एक गोष्ट तपासल्याशिवाय सोडू नका. सहज काळेनिळे डाग पडत असतील, नाकातून वारंवार रक्त येत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर तो हर्मान्स्की-पुडलाक सिंड्रोम, म्हणजे रक्त थांबण्यातही दोष असलेला अल्बिनिझमचा प्रकार, असू शकतो. यात प्लेटलेटची, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या कणिकांची, संख्या सामान्य येते आणि तिथेच फसगत होते. दोष प्लेटलेटच्या आतल्या कणांत असतो. तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने किंवा जनुक तपासणीने कळतो. अशा व्यक्तीने अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावं आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगावं. काही प्रकारांत मध्यम वयात फुप्फुसं कडक होत जातात. वारंवार जंतुसंसर्ग आणि केसांना चंदेरी झाक असेल तर चेडियाक-हिगाशी सिंड्रोम या अल्बिनिझमच्या दुसऱ्या प्रकाराची शंका घ्यावी.

कळपात काय होतं, हेही तुमच्या प्रश्नात आपसूक येतं. युगांडातल्या बुडोंगो जंगलात जुलै २०१८ मध्ये काही आठवड्यांचं अल्बिनो चिंपांझी पिल्लू दिसलं. इतरांनी धोकादायक प्राणी दिसल्यावर काढतात तसे आवाज काढले आणि काही दिवसांतच त्याला मारलं. हे रंगामुळेच झालं असं एका घटनेवरून म्हणता येत नाही, कारण चिंपांझी नेहमीच्या रंगाची पिल्लंही मारतात. टांझानिया आणि मलावीत माणसांवर झालेले हल्ले मात्र अंधश्रद्धेतून, शरीराच्या अवयवांसाठी झाले. त्याला निसर्गाचा आधार शोधणं मला मुळीच मान्य नाही.

दुसरं उदाहरण अल्बा या ओरांगउटानचं. एप्रिल २०१७ मध्ये मध्य कालिमंतानमधल्या एका गावात पिंजऱ्यातून तिला सोडवलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये बुकित बाका बुकित राया राष्ट्रीय उद्यानात सोडलं. दाट पर्जन्यवनात ऊन थेट अंगावर कमी येतं, ही तिच्या बाजूची गोष्ट. आणि फांद्यांचं अंतर कळायला फक्त दोन डोळ्यांची जुळणी लागते असं नाही: डोकं हलवलं की जवळची फांदी जास्त सरकते, लांबची कमी. अल्बिनिझम असलेली मुलं जिना उतरताना अंतराचा अंदाज घेतात तोही बऱ्याच अंशी असाच.