वाचकांचे प्रश्न : मधली अडीच वर्षं देश कुणाच्या कायद्यावर चालला?

प्रश्न : बाई, आपण १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झालो, पण राज्यघटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. मग मधल्या काळात देश कोणत्या कायद्याने चालला? आणि ते सरकार तरी कुणी निवडलं होतं? नव्या देशात आधी सरकार येतं की आधी घटना? (पदवीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी)

माझ्याकडे १९४७ सालचा निकेलचा एक रुपया आहे. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेला सहावा जॉर्ज. नागरिकशास्त्र शिकवायचे तेव्हा दरवर्षी हे नाणं बाकांवरून फिरवायचे आणि विचारायचे, "यावर राजा कुणाचा?" मुलं म्हणायची, "इंग्लंडचा." मी म्हणायचे, "आणि भारताचाही." त्यावर वर्गात जी कुजबुज व्हायची, त्यातूनच तुझा हा प्रश्न निघायचा.

स्वतंत्र भारताची स्वतःची नाणी १५ ऑगस्ट १९५० ला निघाली. तोवर लोकांच्या खिशात राजा होता आणि २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्यातही होता. १५ ऑगस्ट १९४७ ला भारत 'डोमिनियन' झाला. म्हणजे कारभार पूर्णपणे आपला, पण औपचारिक प्रमुख राजा आणि दिल्लीत त्याच्या नावाने गव्हर्नर-जनरल. आधी माउंटबॅटन, जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी. २६ जानेवारी १९५० ला हे पद संपलं.

आता कायद्याकडे येऊ. ब्रिटिश पार्लमेंटच्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यावर १८ जुलै १९४७ ला राजाची संमती झाली. त्याच्या आठव्या कलमात तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नवी घटना तयार होईपर्यंत दोन्ही देशांनी, म्हणजे भारताने आणि पाकिस्ताननेही, १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार कारभार चालवायचा, त्यात लागतील ते फेरफार करून. ज्या कायद्यावर आपल्या नेत्यांनी दहा-बारा वर्षं सडकून टीका केली होती, तोच कायदा स्वतंत्र भारताची पहिली, तात्पुरती घटना ठरला.

हे ऐकून वर्गातल्या काही मुलांना वाईट वाटायचं. मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. चौदा तारखेला कोर्टात सुनावणी चालू असलेला खटला सोळा तारखेला कुठल्या कायद्याने चालवायचा? शेतसारा कुणी आणि कशाच्या आधारावर घ्यायचा? पोलिसाने एखाद्याला पकडलं तर त्याला तो अधिकार दिला कुणी? फाळणीच्या त्या दिवसांत लाखो माणसं घरदार सोडून वाटेवर होती. त्या वेळी एक रात्रही देश कायद्याविना ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून जुना कायदा ठेवला आणि त्यातलं मर्म काढून टाकलं. ते कसं काढलं, हे बघण्यासारखं आहे. १९३५ च्या कायद्यात गव्हर्नरांच्या अधिकारांपाशी 'स्वतःच्या विवेकानुसार', 'स्वतःच्या वैयक्तिक निर्णयानुसार' असे शब्द जागोजागी होते. मंत्री काहीही म्हणोत, गव्हर्नर आपल्या मनाने वागू शकतो, असा त्यांचा अर्थ. ऑगस्ट १९४७ च्या आदेशाने हे शब्द गाळले. लंडनच्या भारतमंत्र्याचा अधिकार संपला. कागद तोच राहिला, पण गव्हर्नर-जनरल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधला गेला.

सरकारचं म्हणशील, तर तेही एका रात्रीत उगवलं नाही. जवाहरलाल नेहरूंच्या नेतृत्वाखालचं हंगामी सरकार २ सप्टेंबर १९४६ लाच कामाला लागलं होतं. १५ ऑगस्टला चौदा जणांच्या नव्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. त्यात काँग्रेसबाहेरचे डॉ. आंबेडकर, श्यामाप्रसाद मुखर्जी आणि षण्मुखम चेट्टीही होते. आपले काकासाहेब गाडगीळही त्यात होते. हे सरकार कुणाला जबाबदार? संसद अजून अस्तित्वात नव्हती. म्हणून घटना समितीवरच दोन कामं आली : घटना लिहायची आणि देशाचं कायदेमंडळ म्हणूनही बसायचं.

मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो आणि पाठ्यपुस्तकात तो एका ओळीत उरकतात. तीच माणसं, तीच इमारत, पण दोन्ही कामं जाणीवपूर्वक वेगळी ठेवली. घटनेवर चर्चा असली की सभा मध्यवर्ती सभागृहात भरायची आणि अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्र प्रसाद असायचे. कायदे, अंदाजपत्रक, मंत्र्यांना प्रश्न असं काम असलं की तीच मंडळी दुसऱ्या सभागृहात बसायची आणि तिथे १७ नोव्हेंबर १९४७ पासून सभापती होते गणेश वासुदेव मावळंकर. राजेंद्रबाबू तेव्हा अन्नमंत्रीही होते. मंत्र्याला जिथे प्रश्न विचारायचे, त्याच सभागृहाचा अध्यक्ष तोच मंत्री असून कसं चालेल? हा पेच त्यांनी झाकून न ठेवता सोडवला.

तेव्हा 'आधी काय' याचं आपल्यापुरतं उत्तर असं : आधी सरकार, पण घटना लिहिणाऱ्या सभेला जबाबदार असलेलं.

सगळीकडे हाच क्रम नसतो. नामिबियात नोव्हेंबर १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली ७२ जणांची घटना समिती आधी निवडली. स्वापो या मुक्ती चळवळीला ४१ जागा मिळाल्या. बहुमत होतं, पण दोन-तृतीयांश नव्हतं, त्यामुळे इतरांशी बोलणं भागच होतं. ९ फेब्रुवारी १९९० ला घटना एकमताने मंजूर झाली आणि २१ मार्चला देश स्वतंत्र झाला. पूर्व तिमोरमध्येही ऑगस्ट २००१ मध्ये सभा निवडली, मार्च २००२ मध्ये घटना झाली आणि २० मे २००२ ला स्वातंत्र्य आलं. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी घटना स्वीकारली. इस्रायलमध्ये घटनेसाठी निवडलेली सभाच १९४९ मध्ये कायदेमंडळ बनली आणि एकसंध लेखी घटना आजतागायत झालेली नाही.

आपल्याबरोबरच निघालेल्या पाकिस्तानात काय झालं, ते नीट वाच. तोच स्वातंत्र्य कायदा, तोच १९३५ चा कायदा, तशीच दुहेरी घटना समिती. पण सात वर्षं घटना झाली नाही. १९५४ मध्ये पूर्व बंगालच्या प्रांतिक निवडणुकीत मुस्लिम लीगचा धुव्वा उडाला आणि घटना समितीतले तिथले सदस्य नक्की कुणाचे प्रतिनिधी, असा प्रश्न उभा राहिला. २४ ऑक्टोबर १९५४ ला गव्हर्नर-जनरल गुलाम मोहम्मद यांनी समितीच बरखास्त केली. अध्यक्ष तमीझुद्दीन खान कोर्टात गेले, सिंधच्या न्यायालयात जिंकलेही. पण फेडरल कोर्टाने १९५५ मध्ये निकाल फिरवला. कारण काय, तर ज्या कायद्याच्या आधारे ते कोर्टात आले होते, त्याला गव्हर्नर-जनरलची संमतीच नव्हती.

आपल्याकडे घटना समितीने आपली घटना संमतीसाठी गव्हर्नर-जनरलकडे पाठवलीच नाही. समितीच्या अध्यक्षांची सही पुरेशी मानली. संमती मागायची, तर ती नाकारण्याचाही हक्क समोरच्याला आहे असं मान्य करावं लागतं.

प्रश्न : घटना समितीला जनतेने थेट निवडून दिलंच नव्हतं. मग 'आम्ही भारताचे लोक' असं लिहिण्याचा तिला काय अधिकार होता? (निवृत्त बँक कर्मचारी)

आपला आक्षेप खरा आहे आणि तो त्या काळातही घेतला गेला होता. १९४६ मध्ये प्रांतांच्या विधानसभांनी हे सदस्य निवडले, ढोबळमानाने दहा लाख लोकसंख्येमागे एक. त्या विधानसभांसाठी मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण यांवर अवलंबून होता. प्रौढांमध्ये तीनातल्या एकालाही तो नव्हता. संस्थानांचे प्रतिनिधी तर आणखी वेगळ्या वाटांनी आले. मूळ ठरलेल्या ३८९ जागांपैकी फाळणीनंतर २९९ उरल्या.

या पद्धतीत माणसं कशी आत येत होती, याचं आपल्या जवळचं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. ते प्रथम बंगालमधून निवडून आले. फाळणीने ती जागा गेली. मुंबई प्रांतात मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने एक जागा रिकामी होती. राजेंद्रबाबूंनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं आणि जुलै १९४७ मध्ये मुंबईच्या विधानसभेने बाबासाहेबांना पुन्हा पाठवलं. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. थेट निवडणूक असती तर काय झालं असतं, या अंदाजात मी शिरत नाही. पण काही पत्रांवर आणि काही राजीनाम्यांवर किती अवलंबून होतं, ते यातून दिसतं.

तरीही मी त्या सभेचा अधिकार मानते. तिच्या कामाची रीत पाहिली की माझं मन त्याबद्दल निःशंक होतं. मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये छापून लोकांसमोर ठेवला आणि सूचना मागवल्या. सभेत तो मांडला नोव्हेंबरमध्ये. त्यावर ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष चर्चेला घेतल्या गेल्या. मुळात ३१५ कलमांचा मसुदा ३९५ कलमांपर्यंत गेला.

आणि मतदार याद्या! घटना पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी, १९४८ मध्येच, घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना कळवलं की २१ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचं नाव लिहायला घ्या. ज्या कलमाने हा हक्क मिळणार होता, ते अजून मंजूर व्हायचं होतं. फाळणीने आलेल्या निर्वासितांना राहण्याचा पुरावा कुठून मिळणार? तेव्हा 'मी इथेच कायम राहणार आहे' एवढं त्यांचं निवेदन पुरेसं मानायचं ठरलं. गावोगावी याद्या करणाऱ्यांपुढे बायका स्वतःचं नाव सांगेनात, 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगायच्या. पुढे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. मला याची हळहळ वाटते आणि तरी सेन यांचं चूक होतं असं म्हणवत नाही. ज्या राज्यात बाई स्वतःच्या नावाने मत देणार, तिथे ते नाव यादीत यायलाच हवं होतं.

आपला आक्षेप मला सर्वांत जास्त पटतो तो १९५१ च्या बाबतीत. २६ जानेवारी १९५० नंतर हीच सभा हंगामी संसद झाली आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक काही महिन्यांवर असताना, जून १९५१ मध्ये, तिने पहिली घटनादुरुस्ती केली. त्यात मालमत्तेचा आणि भाषणस्वातंत्र्याचा हक्क आक्रसला. शंकरी प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हंगामी संसदेला तो अधिकार आहे असं ठरवलं. कायद्याने ते बरोबर असेल. पण घटना घडवण्यासाठी आलेल्या सभेने, मतदार दारात उभा असताना, मूलभूत हक्कांना हात लावायला नको होता, असं माझं मत आहे आणि वर्गातही मी ते लपवलं नाही.

प्रश्न : संविधान दिन २६ नोव्हेंबरला आणि प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीला. घटना नक्की लागू कधी झाली? (शिक्षक)

दोन्ही दिवशी. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली आणि त्याच दिवसापासून नागरिकत्व, निवडणुका, हंगामी संसद अशी मोजकी कलमं लागू झाली. कुठली, ते कलम ३९४ मध्ये लिहिलेलं आहे, मुलांना तेच वाचून दाखवा. उरलेली २६ जानेवारीला लागू झाली. ती तारीख १९३० मध्ये पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा झाली त्या दिवसाची.

त्यापुढचं ३९५ वं कलमही मुलांना दाखवा. ते शेवटचं आणि अगदी छोटं आहे. त्याने १९३५ चा भारत सरकार कायदा रद्द केला आणि त्याच वाक्यात १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदासुद्धा.