४ जीबी रॅम टाकली, कॉम्प्युटरवर दिसते सव्वातीन
अरे, जेल रोडवरून आणलेली रॅम परत करायला धावू नकोस. दुकानदाराने फसवलेलं नाही. तुझं विंडोज ३२-बिट आहे. त्याला २ चा ३२ वा घात, म्हणजे ४ जीबीपुरतेच मेमरीतल्या जागांचे पत्ते मोजता येतात, आणि त्यातलेही बरेच ग्राफिक्स कार्ड, बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम) वगैरे मंडळी आधीच अडवतात. राजवाड्याच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तस्संच! उरलेली रॅम मग बिनपत्त्याची. प्रोसेसर ६४-बिट असेल तर ६४-बिट विंडोज टाक. नव्यानेच टाकावं लागतं, म्हणून आधी फोटो दुसरीकडे काढून ठेव. तरीही कमी दिसली तर बायोसमध्ये मेमरी रीमॅप (अडलेल्या रॅमला नवे पत्ते देणारी सेटिंग) चालू आहे का बघ. ऑनबोर्ड ग्राफिक्स (वेगळं कार्ड नसलेलं, आतलंच) असेल तर ते थोडी रॅम खाईलच, खाऊ दे.